कोचभाऊंना चुकवून

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरून जिन्याकडे जायचं असेल, तर आधी कोचभाऊंना चुकवावं लागतं. ही बोलण्याची पद्धत नाही. ते खरोखर आडवे येतात. गुडघे जरा वाकवून, दोन्ही हात पसरून बोळात उभे राहतात आणि समोरच्याच्या कमरेकडे बघतात. माणूस तोंडानं काहीही सांगो, डोळ्यांनी कुठंही बघो, तो जिकडं जाणार तिकडं त्याची कंबर आधी वळते, असा त्यांचा सिद्धांत आहे. बायका-मुलींच्या बाबतीत ते सभ्यपणे हातातल्या पिशवीकडे बघतात. पिशवीही खोटं बोलत नाही म्हणे.

गॅस सिलिंडरवाला आता इतका तयार झाला आहे, की खांद्यावर भरलेलं सिलिंडर असताना डावीकडे झुकल्यासारखं करून उजवीकडून निसटतो. पेपरवाला फाटकाबाहेरूनच पेपर फेकतो. पाण्याची मशीन विकायला आलेला एक टायवाला मुलगा मात्र बराच वेळ डावीकडे-उजवीकडे करून शेवटी माहितीपत्रक भाऊंच्याच हातात देऊन परत गेला होता.

आई आणि मी इथे राहायला आलो त्या दिवशी मीही अडकले. "जरा बाजूला होता का" एवढं म्हणायला मला जमलं नाही. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की माझी वाक्यं आतल्या आत पूर्ण होतात आणि तिथंच राहतात. मी पिशवी धरून नुसती उभी राहिले. भाऊ वाट बघून बघून सरळ झाले आणि आत वळून बायकोला म्हणाले, "ही पोरगी हालतच नही वं. हिले अडवनं अवघड हाये." माझ्या घुमेपणाचं कौतुक मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

त्यांचं नाव भास्कर. पण त्या नावानं त्यांना फक्त मतदानाच्या दिवशी हाक मारतात. मूळ असोद्याचे. घरची केळीची बाग, ती आता मोठे भाऊ नाना बघतात. तरुणपणी हे गावच्या कबड्डी संघात डावे कोपरारक्षक होते. चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा हातात आला, की सोडण्याचा विचार त्यांच्या मनात येत नसे; पंचांना येऊन बोटं उघडावी लागत. मध्यंतरी आपल्या देशात अमेरिकन फुटबॉलची एक लीग निघाली होती. दुसऱ्याला धरून पाडण्याची मनापासून आवड असलेली धट्टीकट्टी माणसं तिला हवी होती. ती शोधायला काही लोक जळगावच्या कबड्डीच्या स्पर्धेला आले आणि भाऊंना घेऊन गेले. रीतसर करार, पगार, डोक्याला हेल्मेट, खांद्याला ढाली. असोद्याचे भास्करभाऊ व्यावसायिक फुटबॉलपटू झाले.

या फुटबॉलमध्ये पायाचा संबंध क्वचित येतो. भाऊ तो असा समजावून सांगतात: चेंडू पपईसारखा असतो, अर्धे लोक म्हणतात आम्ही तो पुढं नेणार, अर्धे म्हणतात कसा नेता बघतो. "आपुन दुसऱ्या अर्ध्यात." त्यांचा पहिला सामना टीव्हीवर लागला तेव्हा नानांच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. सामना संपल्यावर नानांनी फोन करून विचारलं, की तू चेंडूला हातसुद्धा लावला नाहीस, तुला काढून टाकतील ना? भाऊंनी सांगितलं, की मला चेंडूला नाही, माणसाला हात लावायचा पगार आहे.

लीग फार टिकली नाही. एका हंगामानंतर ती लहान झाली, दुसऱ्यानंतर बंदच पडली. भाऊ परत आले ते हेल्मेटांचं भलंमोठं पोतं एसटीच्या टपावर टाकून. त्यातल्या एका हेल्मेटमध्ये शोभाअक्का अजून लसूण ठेवतात. अक्का म्हणजे भाऊंची बायको. माहेर धुळ्याकडचं. इतकी वर्षं जळगावात काढूनही त्या अहिराणीच बोलतात आणि भाऊ त्यांच्याशी असोद्याच्या बोलीत भांडतात. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळतं, हीच त्या संसारातली अडचण असावी.

पुढं भाऊ एका शाळेत खेळाचे शिक्षक झाले आणि संध्याकाळी संघ बांधायला लागले. आधी मुलांचा बांधला. पण प्रत्येक मुलाला चेंडूच हवा होता. अडवायला कुणी तयार होईना. मुलींना विचारलं तर त्या म्हणाल्या, कुणाला पाडायचंय सांगा. तेव्हापासून मुलींचाच संघ आहे.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माझ्या इंग्रजीमुळे. भाऊ मोबाइलवर अमेरिकेतल्या कोचांचे व्हिडिओ बघतात. संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर बसतात, मी वरच्या पायरीवर, आणि तो कोच काय म्हणतो ते मी मराठीत सांगते. ही माणसं भयंकर शिव्या देतात. मी त्या गाळते. एकदा एक कोच तोंड लालेलाल करून बराच वेळ ओरडत होता आणि मी सांगितलं, की ते म्हणतायत, अजून मेहनत घ्या. भाऊंनी व्हिडिओ थांबवला, त्या माणसाच्या मानेवरच्या फुगलेल्या शिरेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढ्यासाठी हा एवढा फुगला?" मी म्हटलं, त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. त्यांनी व्हिडिओ पुन्हा सुरू केला. पुढच्या आठवड्यात संघातल्या मुली एकमेकींना, लाल होऊन, "अजून मेहनत घ्या" असं ओरडत असल्याचं मी ऐकलं.

ते मला कधी खाजगी काही विचारत नाहीत. लग्नाचं बघतायत का, घरीच बसून कसली नोकरी, एवढी गप्प का. हे न विचारणारं आमच्या कॉलनीतलं हे एकच माणूस, म्हणून मी ती पायरी सोडली नाही.

आता सरावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. माणूस पाडायला शिकवायचं तर काहीतरी पाडायला पाहिजे. त्यासाठी बाहेर देशात गादीचे मोठे खांब असतात. भाऊंनी ते मागवले नाहीत. केळीचा घड कापून नेला की मागं खोड तसंच उभं राहतं. माणसाच्या कमरेएवढं जाड, आतून पाण्यानं भरलेलं. जोरात जाऊन धडकलं तरी लागत नाही, आणि शेतकऱ्याला ते नाहीतरी पाडायचंच असतं. घड उतरले की नाना फोन करतात आणि संघ असोद्याला जातो. मुली ओळीनं खोडांवर तुटून पडतात: खाली वाकायचं, खांदा लावायचा, मिठी मारायची, रेटायचं. खोड कर्रकन मोडून आडवं होतं. भाऊ बांधावरून "शाब्बास" म्हणतात. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, त्यामुळे संघाच्या पांढऱ्या शर्टांवर तपकिरी ठिपके पडले आहेत. बाहेरगावच्या संघांना ती नक्षी वाटते.

एकदा धुक्याच्या सकाळी मुली शेजारच्या ओळीत शिरल्या. तिथले घड उतरायचे होते. भाऊंना बांधावरून फक्त आवाज ऐकू येत होता आणि तो आवाज त्यांच्या मते उत्कृष्ट होता, म्हणून ते "अजून, अजून" म्हणत राहिले. धुकं विरलं तेव्हा नाना बांधावर डोकं धरून बसले होते. त्या दिवशी मुलींनी सगळे घड खांद्यावरून रस्त्यापर्यंत वाहिले. नानांनी पुढं महिनाभर भावाशी बोलताना मधे भावजयीला उभं केलं.

त्या सकाळी सगळ्यात जास्त केळी पाडल्या त्या जागृतीनं. जागृती, म्हणजे जागू, ही भाऊ-अक्कांची एकुलती एक मुलगी. भाऊंनी तयार केलेल्या सगळ्या अडवणाऱ्यांमध्ये सर्वांत चांगली. लहानपणापासून ती या बागेत खोडांवर वाढली. भाऊ तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत, जसा काही माणसं देवाबद्दल बोलताना आणतात.

मागच्या हिवाळ्यात, शेतात भरीत-पुरीच्या पंगतीत, जागूनं सगळ्यांसमोर सांगितलं, की तिला आता चेंडू पकडायचा आहे. घेऊन पळायचं आहे. जन्मभर दुसऱ्यांना थांबवत बसायचं नाही. भाऊंनी घास तसाच हातात ठेवला आणि म्हणाले, "आपल्या घरात चेंडू घेऊन कोनी पयत नही." जागू म्हणाली, मग मी दुसऱ्या घरातून पळेन.

आणि तसंच झालं. तिला धुळ्याला फार्मसीला प्रवेश मिळाला, ती मामाकडे राहायला गेली आणि तिथल्या मुलींच्या संघात चेंडू घेऊन पळायला लागली. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. म्हणजे बोलत होते, पण अक्कांमधून. अक्का फोन स्पीकरवर ठेवून विचारत, काय जेवलीस. आतल्या खोलीतून आवाज येई, की रोज खिचडी खाऊ नये म्हणावं. फोनमधून उत्तर येई, की त्यांना म्हणावं आज खिचडी नव्हती. अक्का दोघांच्या मधे बसून तांदूळ निवडत.

या वर्षी विभागातल्या सामन्यात जळगावची गाठ धुळ्याशी पडली. जिंकेल तो संघ राज्यावर जाणार होता. सामना जळगावला, भाऊंच्याच शाळेच्या मैदानावर.

प्रतिस्पर्ध्याचा खेळ आधी बघून ठेवणं हे कोचचं काम असतं. भाऊंनी मला धुळ्याला जाऊन त्यांचा सराव मोबाइलवर चित्रित करून आणायला सांगितलं. स्वतः जायला त्यांना जमत नव्हतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अक्का माझ्याबरोबर आल्या, वरून कारण काढलं भावाला भेटायचं. मला कॅमेऱ्यामागे बरं वाटतं. तिथं कुणी आपल्याकडे बघत नाही.

परत आल्यावर आम्ही पायरीवर बसलो. भाऊ व्हिडिओ बघता बघता थांबवत आणि मागं नेत. आधी मला वाटलं, ते डाव बघतायत. मग लक्षात आलं, की ते थांबवतात तेव्हा खेळ चाललेलाच नसतो. जागू बाजूला उभी राहून पाणी पीत असते. एकदा केस बांधत असते. एकदा बुटाची नाडी बांधताना कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून हसत असते. ते एवढंच म्हणाले, "वाळली." मग थोड्या वेळानं, पाण्याची बाटली प्रत्येकीची वेगळी आहे का एकच सगळ्यांना, हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, वेगळी दिसते. त्यांनी मान हलवली, जणू हा धुळ्याच्या बचावातला महत्त्वाचा मुद्दा होता.

इकडं संघात कुजबुज सुरू झाली. संघाची कप्तान रुखसार. तिचे वडील शिवणकाम करतात आणि खांद्यांच्या फाटलेल्या ढाली तेच शिवून देतात. रुखसार आणि जागू एकाच बागेत एकत्र तयार झालेल्या. जागूला कसं अडवायचं हे सर सांगणार की नाही, याची मुलींना चिंता होती, आणि सर प्रत्येक सरावाला बाकीच्या सगळ्या जणींबद्दल सांगत, तिच्यावर आले की शिट्टी वाजवून सराव संपवत. घरी अक्कांनी वेगळीच तंबी दिली होती. "तुमन्या पोरीस्नी मनी जागूले पाडं, ते मंग घर येवानं काम नही."

शेवटच्या सरावाला रुखसारनं सरळ विचारलं. भाऊ खाली बसले, बुटाची नाडी सोडली, परत बांधली. मग उठले आणि सगळं सांगितलं. चेंडू येण्याआधी ती डाव्या खांद्यावरून मागं बघते. उजव्या बाजूनं चेंडू आला तर वेग किंचित कमी करते. शाळेत असताना उजवा घोटा मुरगळला होता, त्या पायावर तिचा अजून विश्वास नाही, म्हणून वळताना डावीकडेच वळते. सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता, तोच, देवाबद्दलचा. मुली ऐकत होत्या. एकीनंही त्यांच्याकडे बघितलं नाही.

घरी येताना मी विचारलं. मी सहसा कुणाला काही विचारत नाही. म्हटलं, नसतं सांगितलं तर चाललं नसतं का?

"नही सांगितलं तर त्याचा अर्थ काय व्हते?" ते म्हणाले. "का मले वाटते, तिच्यानं होनार नही. तिच्यावर दया केली असं व्हते. मी काय तिच्यावर दया करू?"

सामन्याच्या दिवशी अक्का धुळ्याच्या लोकांत जाऊन बसल्या. मी रेषेजवळ मोबाइल घेऊन उभी होते, भाऊंपासून चार पावलांवर. जागू मैदानात आली, एकदा जळगावच्या बाकाकडे बघितलं आणि हेल्मेट चढवलं. भाऊ तेव्हा हातातल्या शिट्टीत काहीतरी शोधत होते.

सुरुवातीपासून आमच्या मुलींनी तिला हलू दिलं नाही. डाव्या खांद्यावरून बघितलं, की रुखसार तिथं. डावीकडे वळली, की दुसरी तिथं. धडक, मिठी, आडवी. परत उठली, परत आडवी. धुळ्याच्या बाजूनं अक्कांचा आवाज येत होता, "ऊठ वं माय, ऊठ." भाऊ प्रत्येक वेळी आमच्या मुलींना शाब्बास म्हणत होते आणि प्रत्येक वेळी ते शाब्बास आधीपेक्षा हळू येत होतं. शेवटी शेवटी ते फक्त मला ऐकू येत होतं.

आम्ही थोडक्यानं पुढं होतो आणि वेळ संपत आला होता. धुळ्यानं पुन्हा तिच्याकडेच चेंडू फेकला. तिनं तो पकडला. समोरून रुखसार सुटली. आणि जागू पळाली नाही.

ती उभी राहिली. चेंडू पोटाशी धरून, पाय जुळवून, सरळ, बागेतल्या खोडासारखी. रुखसार आयुष्यभर जे करत आली तेच तिनं केलं. खाली वाकली, खांदा लावला, पूर्ण ताकदीनं मिठी मारायला गेली. शेवटच्या क्षणी जागू एक पाऊल उजवीकडे सरकली. त्या उजव्या, विश्वास नसलेल्या पायावर. रुखसारची मिठी हवेला बसली आणि ती गवतावर लांबवर घसरत गेली. मागून दुसरी आली. जागू परत उभी राहिली, परत सरकली. तिसरीच्या वेळी तसंच. आमच्या एकेक पोरी असोद्याच्या बागेतल्यासारख्या सुंदर धडका देत होत्या, फक्त समोरचं खोड जागेवर राहत नव्हतं. मग पुढं कुणी उरलं नाही आणि ती पळत सुटली.

धुळे जिंकलं.

सामना संपला की दोन्ही संघ ओळीनं एकमेकांना हात देतात, कोचसुद्धा. भाऊ एकेकीचा हात हातात घेत, चांगलं खेळलात म्हणत पुढं सरकत होते. जागूसमोर आले तेव्हा हात दिला आणि तो परत घ्यायचं विसरले. मागची ओळ थांबली.

"तुले हे कव्हा कळलं?"

"कोणतं?"

"का खोड हालत नही ते."

जागूनं हेल्मेट काढलं. कपाळावर त्याचा लाल वळ होता. "पहिल्याच दिवशी, बाबा. खोड कुठं हलतं?"

"मंग सांगितलं काहून नही?"

"तुम्ही कुठं विचारलं?"

भाऊंनी तिचा हात धरूनच तिला ओळीतून बाहेर काढलं, मैदानाच्या कडेला नेलं आणि तिनं पाय कसा टाकला ते करून दाखवायला सांगितलं. तिनं दाखवलं. ते तिच्यासमोर हात पसरून उभे राहिले; ती निसटली. परत कर म्हणाले, परत निसटली. धुळ्याची मुलं-माणसं आणि आमच्या हरलेल्या मुली भोवती गोळा झाल्या. रुखसारचे डोळे लाल होते. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "सर, म्हणजे आता आपण हलणारी खोडं आणायची?" कुणीतरी हसलं, मग तीही हसली. जागू म्हणाली, राज्याचे सामने झाले की मी सुट्टीला येते, मी होते तुझं हलणारं खोड. रुखसार म्हणाली, ये तर खरी, पाडतेच तुला.

धुळ्याच्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला. त्यांचे कोच दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. अक्का मधे शिरल्या, पदरानं मुलीचं तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, की बठ्ठी गाडी खोळंबी राहिनी, सोडा तिले. भाऊ खिडकीपर्यंत गेले. अजून विचारतच होते, नजर कुठं ठेवली होतीस, श्वास कधी घेतलास. गाडी हलली तेव्हा जागूनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "अजून दोन गोष्टी चुकतात तुमच्या. पोचले की फोन करते. तुम्हीच उचला."

परतताना भाऊ पुढं, अक्का आणि मी मागं. अक्कांनी मला जेवायला थांबवून घेतलं. त्या कुणाला पाडल्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत, घरात येऊ नका वगैरेही नाही. भाऊंनी हातपाय धुतले, बाहेर आले, आत गेले, परत बाहेर आले. मग मला विचारलं, "गाडीले धुय्याले पोचाले किती वेय लागते?"

भाऊंची सासुरवाडी धुळ्याकडची. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला ते त्या रस्त्यानं जातात. पारोळ्याला चहा कुठं घ्यायचा इथपर्यंत त्यांना पाठ आहे. मी म्हटलं, दोन-अडीच तास.

"मंग तवर जेऊन घेऊ," ते म्हणाले आणि पाटावर बसले.

अक्कांनी त्यांचं ताट वाढलं, आत जाऊन मोबाइल घेऊन आल्या आणि ताटाच्या उजव्या बाजूला, हात सहज पोचेल असा ठेवला.